आवळून धरलेले हात

महाकालीनं तुहं कुंकू राखलं, असं सारे म्हणतात. मी मान हालवते अन् खाली पाह्यते. मले लाज वाटते. त्या दिवशी म्या काय केलं, ते मले मालूम अन् देवीले मालूम.

महाकालीच्या चैत्राच्या यात्रेले आम्ही गोंडपिपरीकडून चंद्रपूरले आलो होतो, लेकराचं जावळ काढाले. आमचे हे सकाळपासून छाती चोळत होते. म्या म्हटलं, गॅस असन, आता दर्शनाच्या लाइनीतून निघालो तं नंबर जाईन. ते हासले, "तुह्या देवीपेक्षा तुलेच घाई हाये." अन् तिथंच खाली पडले. श्वास नाई, काई नाई.

यात्रेतल्या अॅम्बुलन्सचा डॉक्टर धावत आला, छाती दाबू लागला. त्याच्या माणसानं मशीन उघडली, छातीले पट्ट्या चिकटवल्या. डॉक्टर म्हणे, "दीडशेवर ठेव. शॉक देतोय, कोणी हात लावू नका." ह्यायचं अंग उसळलं अन् तसंच पडलं. परत दाबणं सुरू. मंग डॉक्टर म्हणे, "ठोका अजून नाही आला. दोनशे कर."

आता कसं सांगू. आमच्याकडं धानात रानडुकरं येतात म्हणून काई लोकं तारेत करंट सोडतात. माहा भाऊ तशाच तारेवर मेला. म्या पाह्यलं होतं त्याले. करंट म्हणजे मले तेवढंच ठाऊक. मी ह्यायच्या अंगावर पडली, गच्च धरलं. "एकदा मारलं, आता वाढवून काऊन मारता?" डॉक्टर माहे हात काढे, म्या त्याच्या मनगटाले चावलं. तोंडात देवीचं नाव अन् मी सोडून नाई राह्यली.

तवा मागून एक बाई आली. सिरोंचाकडची असन, तेलुगू बोले. ओटीचं ताट तिनं भुईवर ठेवलं. मले ओढलं नाई. बाजूले बसली अन् माहं एकेक बोट उकलत गेली, झोपल्या लेकराची मूठ उकलावी तसं. "वदुलु बिड्डा. सोड, पोरी. आई पाह्यते." माहे हात तिच्या हातात गेले. तिनं मले मागं घेतलं. डॉक्टरनं दोनशेचा शॉक देला. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणे, "नाडी लागली."

मी वळून पाह्यलं तं ती बाई नव्हती. लय शोधली.

दवाखान्यात त्याच डॉक्टरले म्या इचारलं, "भाऊ, पयलेच दोनशे देला असता तं?" तो म्हणे, "कोणी दर वेळी तेवढाच देतात, कोणी वाढवत नेतात. कुठलं बरं, ते आम्हालाही पक्कं ठाऊक नाही, बाई. पण पेशंटला कोणी धरून असलं तर कुठलाच देता येत नाही." रागावला नाई तो. त्याच्या मनगटावर माह्या दाताचे वण होते. मी तिकडं पाहूच शकली नाई.

आता हे घरी आहेत, चेष्टा करतात, "पुढच्या खेपी पडलो तं लवकर सोडजो." मले हासू येत नाई. देवीले धरून ठेवलं असं मी समजत होती, अन् त्याच हातानं तिची वाट अडवून बसली होती. सांजेले दिवा लावला की देवीले काई मागत नाई. हात उघडे करून मांडीवर ठेवते. तिनंच उकलले ते.