शोभाच्या नावाचा धवला

चूक माझी होती. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी भुताखेतांना दोष देणार नाही. त्या गोष्टी मी मानतच नव्हतो. तुर्भ्याच्या कारखान्यात क्लार्क, वाशीला फ्लॅट, देवापुढे उदबत्ती बायको लावायची आणि मी पेपर वाचायचो. माझा विश्वास एकाच गोष्टीवर होता – आपला आवाज चांगला आहे आणि तो अजून कुणी ऐकलेला नाही.

कारखान्यातला हिरामण बोनकोडे गावचा. त्याच्या भावाच्या लग्नात मी पहिल्यांदा धवला हे लग्नातलं गाणं ऐकलं. त्यांच्याकडे लग्नात धवलारीण गाते. ती म्हणजे हिरामणची जनाआत्या. गाण्यातून ती देवांना, घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावते आणि मध्ये नवरीचं नाव घालते. त्या चालीने मला झपाटलं. मागे लागून तिच्याकडून शिकलो.

"शिक, पन मांडवाबाहेर गाऊ नको," आत्या म्हणाली होती. "ही गानी रेडिओची नाय."

थोड्याच दिवसांत टीव्हीवर हौशी गायकांची स्पर्धा जाहीर झाली. पहिली चाचणी वाशीतच, एका शाळेच्या हॉलमध्ये. आमच्याकडे टीव्ही नव्हता. बायको म्हणाली, "तुम्ही टीव्हीत दिसलात ना, तर मी शेजारच्या वहिनींच्या सोफ्यावर बसून बघणार. सतरंजीवर नाही!"

भर दुपारी माझा नंबर आला.

"दोनच मिनिटं," परीक्षक म्हणाले. "रचना कुणाची?"

"माझीच," मी म्हणालो... सहज तोंडातून गेलं.

धवला लांबलचक. शेवटचा भाग मी शिकलोच नव्हतो, म्हटलं कापून टाकू. पण नवरीच्या नावाच्या जागी काय म्हणायचं, ते ठरवायचं राहिलं. गाता गाता ती जागा आली आणि तोंडाला आलं ते नाव मी घेतलं – शोभा. माझी मुलगी. नुकतीच कॉलेजला जायला लागलेली.

गाणं थांबलं तसा कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस ओरडला, "मागच्या बायकांना गप्प करा रे! कोरस कोणी सांगितला?"

मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. सगळे हसले, मीही हसलो. पण हॉलमध्ये ओल्या हळदीचा वास सुटला होता, आणि तो माझ्याबरोबर घरी आला.

माझी निवड झाली होती. त्या संध्याकाळी जेवायला बघतो तर बायकोने घरातली सगळी ताटं मांडलेली, पार दारापर्यंत. ताटं संपली म्हणून पातेल्यांवरची झाकणंसुद्धा.

"अगं, हे काय?"

"पाहुणे आलेत ना," ती म्हणाली... आणि दचकून हातातल्या झाकणाकडे बघत राहिली.

सकाळी शोभा उठली तर तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. "आई, चेष्टा पुरे हं," ती वैतागली. तिच्या आईने हळदीला हातही लावला नव्हता.

मग शोभाला ताप चढला. जेवण बंद, बोलणं बंद. पाटावर बसवल्यासारखी मान खाली घालून बसून राहायची. डॉक्टर आधी टायफॉइड म्हणाले, मग तो नाही म्हणाले. आणि एका संध्याकाळी ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, त्या बायका विचारतायत, निघायचं का?"

"कुठे?"

"सासरी."

दाराबाहेर बांगड्या वाजल्या. मी दार उघडलं. जिन्यावर कुणीच नव्हतं... फक्त हळदीचा वास तोंडावर आला.

तसाच बोनकोड्याला धावलो. आत्या अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"आत्या, मी धवला गायलो. टीव्हीवाल्यांसमोर."

"नवरी कोन घेतलीस?"

"शोभा."

तिचे हात थांबले. "बोलावलंस त्यांना. माघारी लावलंस का?"

"शेवट कापला, आत्या. दोनच मिनिटं दिली होती..."

"ते किती लांबून आले, हाय का ठावं तुला?"

ती आहे तशी निघाली. आमच्या उंबऱ्यात, जिन्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मी न शिकलेला तो शेवट गायली. बांगड्यांचा आवाज एकेक मजला खाली उतरत गेला. आतून शोभा म्हणाली, "आई, भूक लागली गं."

मी आत्याचे पाय धरले. तिचं गाणं माझं म्हणून सांगितल्याचंही कबूल केलं.

"माझं कुठं हाय ते?" ती म्हणाली. "माझी माफी नको. नाव कुनाचं घेतलंस?"

पुढच्या फेरीला मी गेलो नाही. शोभाला मात्र सांगत राहिलो की तुला साधा ताप आला होता. स्वतःलाही समजावलं – ताप औषधाने गेला असेल, ताटं बायकोने चुकून मांडली असतील. पण ती हळद? तिचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

यंदा शोभाचं लग्न ठरलं. परवा लाडात येऊन म्हणाली, "बाबा, टीव्हीवर नाही तर नाही, माझ्या मांडवात तरी गा ना!"

मग मात्र राहवलं नाही. तिला समोर बसवून सगळं सांगितलं आणि म्हणालो, "शोभा, दोन मिनिटांच्या गाण्यासाठी मी तुझं नाव घेतलं. तुला न विचारता. मला माफ कर, बाळा."