नैवेद्याचं पीठ

माझ्या मुलीला मी डब्यावरून मारलं आहे. एकदा नाही, तीन-चारदा तरी. ती दुसरीत होती. डबा परत यायचा तो जवळजवळ जसाच्या तसा, पोळीची घडीसुद्धा मोडलेली नसायची, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडल्यासारखं खाल्लेलं. मी विचारायचे, का नाही खाल्लंस? ती म्हणायची, पोट दुखतं. रोज कसं दुखतं गं पोट, म्हणून मी पाठीत धपाटा घालायचे आणि तीच गार पोळी पुढ्यात ठेवून संपेपर्यंत तिला उठू द्यायचे नाही. ती खायची. मग मोरीत जाऊन ओकायची. मी म्हणायचे, नाटकं आहेत.

हे आधीच लिहून टाकते. कारण नंतरचं ऐकून लोक मला म्हणतात, किती केलंस लेकीसाठी. ते ऐकलं की मला कुठं बघावं कळत नाही.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, खाली तीन भावंडं होती, आई रानात जायची, भाकरी थापायला घरात कुणीतरी हवं होतं. ज्वारीची भाकरी रोज, पोळी सणाला. शाळेत मास्तरांच्या मुलीच्या डब्यात रोज पोळी असायची, तूप लावलेली, चौपदरी. ती डबा उघडायची तेव्हा मी माझी भाकरी झाकून खायचे. लग्न झालं, नवऱ्याला रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटावर काम लागलं, आणि आम्ही नदीअलीकडे अष्टमी गावात खोली घेऊन राहिलो. पोरगी इथंच झाली. ती शाळेत जायला लागली तेव्हा मी ठरवलं होतं, हिच्या डब्यात पोळीच जाणार. वर्गातल्या बाकीच्या पोरी तांदळाची भाकरी आणायच्या, तर मला मनातून बरं वाटायचं. आमची बघा, रोज पोळी.

पोळीमुळंच ती आजारी होती.

ते कळायला दोन वर्षं गेली. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, वर्गात सगळ्यांत बुटकी. जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी कुणीतरी पेणच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. रक्त तपासलं, मग मुंबईकडच्या मोठ्या दवाखान्यात नळी घालून आतलं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी इंग्रजी नाव सांगितलं, माझा चेहरा बघितला आणि कागद ओढून मराठीत लिहायला घेतलं. एका बाजूला बंद: गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्कीट. जन्मभर बंद. दुसऱ्या बाजूला चालेल: तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी. "आतड्याला गहू सोसत नाही तिच्या. चिमूटभर गेला तरी आत जखम होते. पण गहू बंद केला की मूल फुलासारखं होतं, घाबरू नका." त्यांनी त्या दिवशी बाहेर वीस माणसं ताटकळत असताना माझ्यासाठी अर्धा तास घातला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तरी परतीच्या गाडीत निडी स्टेशन गेलं तेव्हा मी तो कागद परत उघडला आणि 'चालेल'ची बाजू वाचली. ज्वारी, बाजरी. जे मी झाकून खात होते ते सगळं त्या बाजूला होतं.

ज्वारीची भाकरी पोरीनं तोंडात घेतली नाही. काळी दिसते म्हणाली, मैत्रिणींसारखी पांढरी दे. आणि तांदळाची भाकरी मला येत नव्हती. ज्वारी हाताशी ऐकते, तांदळाचं पीठ ऐकत नाही. उकळत्या पाण्यात उकड काढायची, गरम असतानाच मळायची, हे इथल्या बायका डोळे मिटून करतात. माझी भाकरी थापता थापता कडेनं फुटायची, तव्यावर टाकली की तिचे दोन तुकडे.

पीठ दळायचं तर आमच्या जवळ एकच गिरणी, आणि तिला चक्कीही एकच. गहू, ज्वारी, तांदूळ, जे येईल ते त्याच दगडातून. गिरणी चालवायच्या त्या काकी धरमतरकडच्या, मिठागरावर राबलेल्या घरातल्या. काका गेल्यापासून एकट्याच सगळं बघायच्या. आवाज असा की चक्की चालू असताना रस्त्यावर ऐकू जायचा. बायका नंबरानं डबे लावून उभ्या असायच्या आणि काकी एकेकीची उलटतपासणी घ्यायच्या, सून कशी हाय, पोरगा कामाला जातो का नुसता मोबाइल बघतो.

मला तिथं सांगायचं होतं की माझ्या पोरीला असा असा आजार आहे, दगड साफ करून माझे तांदूळ पहिले दळा. मी तीन दिवस शब्द जुळवले. पण सात-आठ बायका उभ्या होत्या. उद्या या पोरीचं लग्न व्हायचंय, असलं काहीतरी माझ्या मनात आलं. पोरगी तेव्हा आठ वर्षांची होती! आम्ही बाहेरची माणसं, कंत्राटावरची, आमच्याबद्दल काहीतरी बोललं जाईल याची भीती मला सारखी असते, अजूनही असते. काकींनी विचारलं, "काय गो, नुसती उभी का? टाक ना डबा."

मी म्हटलं, "काकी, नैवेद्याचं आहे."

इथं गणपतीच्या आधी बायका मोदकांचं पीठ दळायला आणतात, तेव्हा गिरणीवाले चक्की झाडून पुसून घेतात, मूठभर तांदूळ आधी फिरवून ते पीठ बाजूला काढतात आणि मग देवाचं दळतात. ते मी बघितलं होतं. आजार म्हटलं तर प्रश्न आले असते. नैवेद्य म्हटलं तर कुणी काही विचारत नाही.

"आता कसला नैवेद्य?"

"नवस आहे. वर्षभर रोज भाकरीचा नैवेद्य. तीच प्रसाद म्हणून पोरीला देते."

काकींनी मशीन बंद केली. रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, "ऐकलंत? नायतर तुम्ही, सणालाच देव आठवतो." आणि त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी गिरणी उघडली की पहिला डबा माझा. दगड ब्रशनं झाडायच्या, उदबत्ती लावायच्या, आधीची मूठ फिरवायच्या. मी डबा ठेवून कामाला जायचे, येताना घेऊन यायचे. पूल ओलांडून रोह्यात दोन घरी मी स्वयंपाक करत होते. एकदा डबा घेताना काकींनी विचारलं, "काय गो, भाकऱ्या जमतात का?" मी म्हटलं, "कुठं काकी, फुटतात." काकी हसल्या. "तुज्या घाटावरच्या हाताला तांदूळ काय कळणार! बघू पुढच्या टायमाला."

पुढच्या वेळी भाकरी जमली. फुटली नाही, मऊ राहिली, डब्यात दुपारपर्यंत वाळली नाही. मला वाटलं, आला हात. नवऱ्याच्या डब्यालाही तीच भाकरी जायला लागली, शिफ्टवरचे लोक म्हणायचे, आता कोकणी झालास. पोरगी डबा संपवून आणायला लागली. मी खूश होते.

सहा महिन्यांनी पेणला पुन्हा रक्त तपासलं. रक्तातला आजार दाखवणारा आकडा उतरला नव्हता म्हटलं तरी चालेल. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण चष्मा काढून म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय. शोधा."

मी शोधलं. हिंगात पीठ असतं असं त्यांनी सांगितलं होतं, तो फेकला. पोळपाट-लाटणं देऊन टाकलं. रोह्यातल्या दोन्ही घरी मी पोळ्या करते, माझ्याच हातांना लागून येत असेल म्हणून दोन्ही कामं सोडली. तरी पोट फुगलेलंच. मग उरली कोण? पोरगी.

"कुणाच्या डब्यात हात घातलास?"

"नाय घातला."

"खरं सांग. बिस्कीट दिलं कुणी?"

"आईशप्पथ नाय, आई."

मी विश्वास ठेवला नाही. शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, मधल्या सुट्टीत हिला वेगळं बसवा, एकटीला, कुणाशी वाटून खाऊ देऊ नका. बाई म्हणाल्या, "अहो, डबा सगळ्या मिळून खातात, तिला वाईट वाटेल." मी म्हटलं, वाटू दे. महिनाभर ती व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ बसून एकटी जेवली. घरी येऊन तिनं एकदाही तक्रार केली नाही. फक्त भाकरी पूर्ण संपवायची, चुरासुद्धा ठेवायची नाही, म्हणजे मी ओरडू नये.

तोच चुरा तिला बाधत होता.

मग एका शनिवारी मला कामाची घाई नव्हती, कामच नव्हतं. लाइट गेलेली, म्हणून डबा ठेवून मी पायरीवर बसून राहिले. लाइट आली. काकींनी दगड झाडले, उदबत्ती लावली, मूठ फिरवली, माझे तांदूळ वरच्या पेटीत ओतले. मग शेजारच्या पिंपात हात घातला, ओंजळभर काढलं आणि त्या तांदळावर सोडलं. गहू होते.

मी उठले. "काकी, हे काय?"

"काय म्हंजे?" काकी हसत वळल्या. पकडलं गेल्यासारखं, पण आनंदानं. "आज बघितलंस होय! अगो, तुज्या भाकऱ्या फुटत होत्या ना? जुन्या तांदळाला चिकटपणा नाय येत. ओंजळभर गहू टाकले की कशी मऊसूत होते. देवाला काय फुटकी भाकरी दाखवायची? मीच टाकते, तुज्याकडनं मागत पण नाय, माजा पण थोडा हात लागू दे म्हटलं तुज्या नवसाला."

"कधीपासून?"

"तू बोललीस तेव्हापासून."

चक्की चालू होती. मी पुढं होऊन बटण बंद केलं, दुसऱ्याच्या गिरणीचं. दोन बायका आल्या होत्या, त्या बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. नवस नाही, नैवेद्य नाही, पोरीचं आतडं, पेणचा कागद, आकडा. बोलताना मी रडत नव्हते, भराभर बोलत होते, जणू उशीर झाला म्हणून.

काकी पोत्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "देवाचं नाव कशाला घेतलंस गो? पोरीचं घेतलं असतंस तर मी काय हाकलली असती तुला?"

मी माझा रिकामा डबा उचलून हातात धरला.

"सा म्हैने," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं."

"तुमचा काय दोष, काकी? मीच..."

"तू गप." मग आवाज चढवून, पण नेहमीसारखा नाही, "पोरगी रस्त्यानं जाताना मला हात करते. मी म्हणते, सुकीच हाय गो अजून. आन् मीच..." त्या दोन बायकांपैकी एकीनं माझ्या हातातून रिकामा डबा घेतला आणि बाजूला ठेवला. कुणी लग्नाचं बोललं नाही. ज्याची भीती धरून मी खोटं बोलले होते, ते घडायला अर्धं मिनिट लागलं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन मी पोरीला जवळ घेतलं. म्हटलं, "तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं." ती म्हणाली, "मग आता मी मैत्रिणींसोबत बसू?" एवढंच विचारलं तिनं.

चार महिन्यांनी आकडा निम्म्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी पोरीला भिंतीला उभं करून उंची मोजली आणि टाळी वाजवली. आता ती सगळ्यांत बुटकी नाही, शेवटून तिसरी आहे, हे तीच मोजून सांगते. तांदळाची भाकरी मला आता गव्हाशिवाय जमते, बऱ्यापैकी. कडेला फुटते, मी तेवढा भाग नवऱ्याच्या डब्यात घालते.

रिपोर्ट घेऊन मी त्याच संध्याकाळी गिरणीत गेले. काकींनी कागद हातात घेतला नाही, लांबूनच विचारलं, "उतरला?" मी म्हटलं, "निम्मा." त्यांनी रांगेतल्या बायकांना ओरडून सांगितलं, "उतरला गो पोरीचा!" आणि सगळ्या जणी हसल्या. आता शनिवारी माझ्याआधी कुणी गहू आणला तर बायकाच त्याला मागं लावतात.

पण काकी माझ्या तांदळाला हात लावत नाहीत. दगड झाडून देतात, ब्रश धुऊन ठेवतात आणि मग बाजूला होतात. पेटीत तांदूळ मीच ओतायचे, पीठ मीच भरून घ्यायचं. पहिल्यांदा मला वाटलं, रागावल्यात. महिन्याभरानं मी म्हटलं, "काकी, तुम्हीच ओता ना, मला वर हात पुरत नाही."

"स्टूल घे," त्या म्हणाल्या.

"काकी, गहू तर पलीकडे झाकलेत."

"झाकलेत ते माज्या पण ध्यानात हाय. पण हाताचा भरवसा नाय राहिला माजा." दोन्ही हात पदराखाली धरून त्या उभ्या होत्या, हाताला लागलेलं गव्हाचं चिमूटभर पीठ कुठं उडू नये म्हणून. "तू घाल, बाय. मी बघते."

मी स्टूलावर चढून तांदूळ ओतते. त्या बघत असतात. मशीन मात्र त्याच चालू करतात, कोपरानं.