डब्यातला प्रवास
वेलदोडा कुटला की मला इंग्लंडमधली, बेसिंगस्टोक गावातली माझी पहिली दिवाळी आठवते. ऑफिस आणि फ्लॅट, एवढंच आयुष्य होतं. करंज्या केल्या खऱ्या, पण खायला कुणी नव्हतं, म्हणून स्टीलचा डबा भरून खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घासूनपुसून रिकामा परत आणला. मी हसत म्हणाले, "आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत हं." त्या इतक्या ओशाळल्या, की डबा माझ्या हातातून काढून घेऊन तशाच जिना उतरल्या. थोड्या वेळाने डब्यात स्वतः रंगवलेलं पोस्टकार्डाएवढं चित्र घेऊन आल्या. लिस्बनच्या चढावरची पिवळी ट्राम. "तरुणपणी राहिले होते तिथे. हे चालेल?" मग डबा वर-खाली होतच राहिला. मी चकल्या पाठवल्या की मोरोक्कोचा बाजार यायचा, पुरणपोळी पाठवली की नॉर्वेचं बंदर. मी कुठेच गेले नव्हते, पण माझ्या फ्रिजवर जग लागलं होतं. एका शनिवारी डबा त्यांची मुलगी घेऊन आली. "आईला माझ्या गावाजवळच्या केअर होममध्ये हलवलंय. डबा रिकामा द्यायचा नाही, असं तिने बजावलंय." आत त्यांचा ब्रश होता. त्या वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा त्याच ब्रशने मी पहिल्यांदा चित्र काढलं, आमच्या जिन्याचं. जरा वाकडंच आलं. ते डब्यात ठेवून सवयीने खाली उतरले, आणि त्यांच्या दाराबाहेर कुणाची तरी छोटी सायकल पाहून भरला डबा घेऊन परत वर आले.