मंत्र्यांपुढचं गाऱ्हाणं

जमनीबाईला नागपूरला नेलं ते तिच्या रडण्यासाठी. हे मी रागानं लिहितोय आणि तो राग आवरायची माझी इच्छा नाही.

दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची ही बाई. नवरा देवसिंग जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, सरकी ओढायचा. तिथं यंत्रांच्या रांगेखाली लांबच लांब लोखंडी दांडा फिरत असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. देवसिंगचा दुपट्टा त्यात अडकला आणि घरी आणण्यासारखं फार काही उरलं नाही. त्याच्या जागी लेक लागली, संगीता. पोट आहे, दुसरं काय करणार! तेव्हापासून जमनीबाईचं एकच मागणं, शाफ्टला जाळी बसवा. मालक म्हणायचा, बसवू.

ती वर्षं कापसाच्या पडझडीची. आसपासच्या कितीतरी जिनिंगना कुलूप लागलेलं. मालकांच्या संघटनेला सवलती हव्या होत्याच, पण त्याहून हवी होती कारखाना तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरपासून सुटका. हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांना गाठायचं ठरलं. पण चारचाकीतून उतरलेल्या मालकांचं रडगाणं कोण ऐकणार? म्हणून संघटनेचा सचिव तांड्यावर आला.

"बाई, मंत्र्याले तुमचं दुःख सांगा. तुमच्या बोलीतच सांगा, काळजातून निघते."

"जाळीचं सांगू?"

"सगळं सांगा."

मराठीत उलगडून सांगायला तिचा धाकटा दीर नेमसिंग सोबत दिला. तो माझा शाळेतला विद्यार्थी, वक्तृत्वात ढाल आणलेला. त्याच जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होता.

देवसिंग गेल्यापासून पेटीत पडलेली आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, सचिवानं तिला घालायला लावली. तांड्यातल्या बाया दुःख सांगतात ते सुरात, रडत, समोरच्याच्या गळ्यात पडून. जमनीबाईनं तसंच सांगितलं. मंत्री खुर्चीतून उठून उभे राहिले. तांड्याच्या गोरबोलीतला एकही शब्द त्यांना कळला नव्हता. मग पाणी पाजायला म्हणून तिला बाहेर नेलं आणि नेमसिंग बोलला.

"साहेब, ही म्हणते, नवरा गेला, आता जिनिंगही गेली तर लेक काय खाईल? इन्स्पेक्टर येतो आणि काम बंद पाडतो. आमच्या पोटावर पाय देऊ नका."

मंत्र्यांनी डोळे पुसले. हे मला खुद्द नेमसिंगनंच सांगितलं, फार उशिरा, काही वर्षांनी, दारूचा थेंबही न घेता. "मुकादमी भेटणार होती, गुरुजी," म्हणाला. मी त्याला घराबाहेर काढलं. त्यानं काय फरक पडणार होता!

नियम सैल झाला. आता मालकाला आधी कळवल्याशिवाय इन्स्पेक्टरला यायला मनाई. दारव्ह्यात पेढे वाटले गेले, जमनीबाईलाही मिळाले. ती बाजारात भेटेल त्याला सांगायची, "मंत्री उभा राह्यला माह्यासाठी. जाळी येतेच आता."

पुढच्याच हंगामात शाफ्टनं संगीताची वेणी ओढून घेतली.

तिरडी उचलायच्या आधी मीही त्या अंगणात उभा होतो. जमनीबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं नेमसिंगचा हात धरला.

"तू मंत्र्याले जाळीचं सांगतलं होतं ना?"

"सांगतलं, भाबी."

तिनं मान हलवली. दिरावर तिचा पुरता विश्वास होता.

"मंग मीच कमी रडली असन," ती म्हणाली.