तांबड्या घळीतलं मीठ

भामाचा विश्वास भरती-ओहोटीवर तेवढा होता. बाकी साऱ्या जगाला ती पारखून घ्यायची. पनवेलच्या बाजारात भोपळा घेताना नखानं टोचून बघायची, वाण्याचा गूळ दुकानातच तोंडात टाकायची आणि देवळात प्रसाद मिळाला तर आपली मूठ शेजारणीच्या मुठीशी ताडून बघायची. खाडीकाठच्या त्या पाड्यात कुणाला थाप मारायची असली, तर तो भामाचं दार टाळून मिठागराच्या बांधावरून वळसा घाली, असं लोक म्हणत. थट्टेनं म्हणत, पण वळसा खरोखरच घालीत.

अशा बाईच्या वाट्याला नवरा आला बळीराम. मुलखाचा अबोल. दोघंही मिठागरावर राबत. भामानं बोलायचं आणि बळीरामनं मान हलवायची, असा संसार चालला होता. त्यांचा एकुलता पोरगा जगन गेल्या श्रावणात तापानं गेला आणि ते बोलणंही आटलं.

जगन जायच्या थोडं आधी, उन्हाळ्यात मिठागराच्या ऐन हंगामात, बळीरामनं गाडीसाठी एक बैल आणला होता, चांद्या. कपाळावर पांढरा चांद, स्वभावानं गाय. पण त्याच्या पाठीवर भलत्या जागी केसांचा भोवरा होता, आणि असा बैल दारात बांधला की घरातलं माणूस जातं, हे भामानं आईच्या तोंडून ऐकलेलं. गुळावर विश्वास न ठेवणारी बाई, पण यावर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला. जगन गेल्यावर ती बैल दारात असेतो पाण्याचा घोटही घेणार नाही म्हणून बसली. बळीराम बैलाला घेऊन गेला, संध्याकाळी एकटा परतला. "घाटावरच्या मानसाला दिला," एवढंच म्हणाला.

मग पौष लागला. दर सोमवारी पहाटे बळीराम कांबळं पांघरून निघू लागला. आपटा गावाला गाडीच्या चाकासाठी लाकूड बघायला जातो म्हणे. दुपारी रिकाम्या हातानं परते. पहिल्या खेपेला भामा गप्प राहिली. दुसऱ्या खेपेला तिला त्याच्या धोतराच्या काठाला तांबडी माती दिसली. आपट्याच्या रस्त्यावर असली माती कुठली? तिसऱ्या खेपेला तर त्यानं राशीतलं मीठ फडक्यात बांधून कांबळ्याखाली लपवलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

विहिरीवर शेजारीण हौसानं आगीत तेल ओतलं.

"डोंगरात हातभट्ट्या हायत भामे. दारूसंगं चाखायला मीठ लागतंच."

"प्यायला असता तर वास लपला असता काय?"

"मंग बाई असंल," हौसा कळशी कमरेवर घेत म्हणाली. "पुरुष उगाच घरचं मीठ भायेर नेत नाय."

हे मात्र भामाच्या मनात काट्यासारखं रुतलं. पोरगा गेला. आता हाही गेला, तर तिला त्या घरात भांडायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं. रागापेक्षा तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच राग येत होता.

पुढच्या सोमवारी ती त्याच्या मागावर निघाली. खाडीवरून धुकं चढलेलं, हाडं गोठवणारा गारठा. बळीराम आपट्याच्या रस्त्यानं थोडा चालला आणि सरळ डोंगराकडे वळला. "वा रे लाकूड!" भामा पुटपुटली आणि पदर खोचून मागोमाग चढू लागली.

वर जाताना वाट एका घळीत शिरली. दोन्ही बाजूंना तांबडा कातळ, पावसानं कापून काढलेला, दहिवरानं ओला. वळणावर बळीराम दिसेनासा झाला. भामा दगड धरत धरत पुढे गेली आणि जागीच थबकली. तांबड्या दगडांवर पांढरं काहीतरी भुरभुरलेलं होतं. या दगडावर, त्या दगडावर, पार वरपर्यंत. करणी! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणाच्या नावानं? तिच्याच?

पळावं असं वाटत होतं. पण जन्माची खोड जाते कुठं? तिनं बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. मीठ.

वरच्या झुडपात काहीतरी खसखसलं. पानं बाजूला सारून एक बैल उतरला आणि दगड चाटू लागला. कपाळावर पांढरा चांद. त्याच्यामागून बळीराम आला, हातात मिठाचं रिकामं फडकं.

"तुमी इकला नाय याला," भामा म्हणाली.

"असला भोवरा बघून खाटकाबिगर कोन घेनार व्हता? वरच्या वाडीतला काळूराम संबाळतो. मी मीठ घालून जातो."

"माज्याशी खोटं बोललाव. यानं आपला जगन खाल्ला, आनि तुमी याला मीठ चारताव!"

बळीराम आजवर कधी बोलला नव्हता, तेवढा बोलला. "तापानं गेला गो पोरगा. तुला कुनाचा तरी राग कराया पायजे व्हता. याचा केलास, बरं झालं. माजा केला असतास तर मी कुटं गेलो असतो? यानं डोंगर तरी गाठला." मग खाली बघत म्हणाला, "जगन्या त्या भोवऱ्यात बोट फिरवून हसायचा. मला तेवढंच ऱ्हायलंय."

भामाला हे माहीत नव्हतं. ती मिठागरावर असायची, पोरगा गोठ्यात काय करतो ते बघायला तिला सवड कुठली? एवढ्या पारखी बाईच्या नजरेतून नेमकं एवढंच निसटलं होतं.

दगडावरचं संपवून चांद्या तिच्यापाशी आला आणि तिचा तळहात चाटू लागला. मिठागरात राबणाऱ्या हाताच्या भेगांत मीठ मुरलेलं असतंच. खरखरीत जिभेनं भेगा चरचरल्या, तरी तिनं हात मागे घेतला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही.

मग ती दोन पावलं सरकून बैलाच्या कुशीशी उभी राहिली. पाठीवरच्या भोवऱ्याला तिनं आधी नुसतं नख लावलं, भोपळ्याला लावायची तसं. चांद्या हलला नाही. तेव्हा भामानं त्या भोवऱ्यात हळूच बोट फिरवलं.