न जळणारी वात

सरळ सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पोट भरणारा माणूस मी... भिंगाखाली दिसलं तर आहे, नाही तर नाही. तरी लिहितोय, कारण पोटात ठेवून ठेवून आता जीव घाबरा होतो.

घर आमचं खामगावचं. बाबा तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर फिटर होते. पाइपांची उष्णता राखायला गुंडाळलेलं जुनं वेष्टण काढलं की त्याचा पांढरा पुंजका घरी आणायचे. आणि खामगावात पांढरं, मऊ काही दिसलं की तो कापूसच! माय त्याला दगडी कापूस म्हणायची. बोटांनी पिंजायची, उडालेला भुगा फुंकून टाकायची, मांडीवर वाती वळायची. त्या वाती जळतच नसत. तेल संपायचं, वात तशीच. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. माय म्हणायची, ही शेगावची कृपा. बाबा गेले, पण देवापुढची तिची रोजची वात काही सुटली नाही.

तो ॲस्बेस्टॉस होता; त्याचा भुगा श्वासातून फुप्फुसात जाऊन रुततो. मला हे कळलं तोवर तिला चार पावलांत दम लागायला लागला होता. तिकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून काढलेला तिच्या फुप्फुसाचा तुकडा, मी काम करतो त्या पुण्याच्या लॅबमध्येच आला. असा तुकडा रसायनात विरघळवतात. मांस जातं, दगडाचे तंतू उरतात, ते गाळून मोजायचे. लॅबचे सर म्हणाले, हे तू नको करू. मी ऐकलं नाही. माझ्या मायचं दुसऱ्यानं कशाला मोजायचं?

भर दुपार होती. पहिलाच तंतू दिसला... शरीर त्यावर लोखंडाचा लेप चढवतं, म्हणून सोनेरी, टोकाशी फुगीर. हुबेहूब वळलेली वात. आणि टोक हलत होतं हो, ज्योतीसारखं! तिळाच्या तेलाचा वास आला. मी सरांना बोलावलं, काही न सांगता. ते वाकले, म्हणाले, "उजेड फार आहे रे, जरा कमी कर."

बटणाकडे हात नेला तेव्हा लक्षात आलं — पंखा बंद, एसी बंद. लाइट गेलेली होती. मायक्रोस्कोपचा दिवाही विझलेला. सरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेले. आजही तो विषय काढत नाहीत.

खामगावला गेलो. काय सांगणार होतो तिला? तुझ्या देवाच्या वातीनंच तुला खाल्लं? तिच्या खाटेशी बसून ढसाढसा रडलो.

"काऊन रडून राह्यला रे? काय दिसलं त्या भिंगात?"

"वात दिसली, माय."

तिनं श्वास गोळा केला. मग म्हणाली, "पेटेल होती काय?"

ती पेटलेली होती, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"हाव," म्हटलं.

"मंग झालं. तेल घालत जाजो तिले."

महिन्याभरात ती गेली. तो उजेड कुठून आला, तिला कसं कळलं, मला माहीत नाही. तिच्या देवापुढची वात, भुगा उडू नये म्हणून, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बंद करून ठेवलीय. टाकवत नाही, पेटवायची हिंमत होत नाही. जाताना तिनं एवढंच मागितलं होतं, आणि माझ्याच्यानं तेवढंही होत नाही.