सुमैराचं वॅक्स, सासूचा पाक

तिसगावात सुमैराच्या पार्लरला जायचं तर तिच्या सासूच्या नजरेखालून जावं लागतं. घर एकच. रस्त्याकडची खोली सुमैराची आणि शेजारच्या बोळातून आत गेलं की मुबारकबीचं स्वयंपाकघर. पुढं वॅक्सचा हीटर तापतो, आत साखर-लिंबाचा पाक आटतो. दोन्हींनी अंगावरचे केस निघतात, आणि दोघींना एकमेकींचं तोंड बघवत नाही.

सुमैरा सुप्याची, कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. नगरला ब्युटिशियनचा कोर्स करून ती या घरात आली तेव्हा गावातल्या नवरीमुलींचे हातपाय साफ करायला एकट्या मुबारकबीच होत्या. सुनेनं पुढं खुर्ची मांडली आणि निम्म्या बाया बोळात शिरायच्या थांबल्या. तिथून वाकडं आलं ते आलंच.

"मेण वितळवून पोरींचं कातडं सोलतीय," मुबारकबी बोळातून म्हणायच्या, पुढच्या खोलीत बसलेल्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं. "वर तेल चोळल्याबिगर चिकटपना जात न्हाई. माझं पान्यानं धुतलं की झालं."

सुमैरा गिऱ्हाइकाच्या हातावर केसांच्या दिशेनं वॅक्स पसरायची, पट्टी दाबायची, उलट बाजूला सर्रकन ओढायची आणि सगळ्यांदेखत पट्टी डब्यात टाकायची. "आत पाकाचा एकच गोळा सगळ्यांवर फिरतो, ताई. आधी झुंबरबाईंचे पाय, मग तुमची काख. चालत असेल तर जा खुशाल."

खरं तर दोघींचंही थोडं थोडं खरं होतं. वॅक्स झटपट उरकतं, पण केस तांदळाच्या दाण्याएवढा तरी वाढलेला लागतो. बारीक लव मागंच राहते. पाक उलट दिशेनं लावून केसांच्या दिशेनं ओढतात, म्हणून लवही येते आणि आग कमी होते. पण उन्हाळ्यात गोळा बोटांतच पाघळतो, आणि बाई बसून बसून कंटाळते. हे दोघी जाणून होत्या. तोंडानं मात्र एकीनंही कधी कबूल केलं नाही.

त्यात कोल्हारला दिलेल्या नणंदेच्या मुलीचं, उझ्माचं, लग्न ठरलं. त्या दिवशी जेवताना मुबारकबींनी मुलाला सुनावलं, "अझीम, घरच्या पोरीचे हात हिनं बिघडवले तर ती खोली रिकामी करायची. तितं तुझी खताची पोती ठेव." अझीमनं भाकरी मोडली आणि मान डोलावली. सुमैरा ताटावरून उठली. त्या खोलीबाहेर या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं.

मेंदीच्या आदल्या दिवशी उझ्मा आजोळी आली. सकाळी मुबारकबी बाजाराला गेल्या होत्या. सुमैरानं भाचीला खुर्चीत बसवलं, जीव ओतून दोन्ही हात केले, वर गार कोरफड लावली. दुपारी सुमैरा पार्लरचं सामान आणायला पाथर्डीला गेली.

दुसऱ्या दिवशी नणंद लेकीला न्यायला आली आणि अंगणातच किंचाळली. उझ्माचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद, वर बारीक पुळ्या.

"बघ अझीम," मुबारकबी म्हणाल्या. आवाज चढवायचीही गरज त्यांना वाटली नाही. "मी काय म्हनले हुते? उचलायला लाव ती खुर्ची."

"अगं, मेंदी कशी चढायची हिला?" नणंद सुमैरावर धावून आली. "सासूवरचा राग माझ्या लेकीवर काढलास व्हय?"

सुमैरानं उझ्माचा हात उजेडाकडं वळवला. काल सोडला तेव्हा हा हात गुलाबी होता, असा नव्हता. आणि काल मनगटाजवळ थोडी लव राहिली होती. आज तिचा मागमूस नव्हता.

"काल दुपारी आत गेली होतीस?"

उझ्मानं ओढणी तोंडाला लावली.

"सांग. मी खोली रिकामी करते, पण तू आधी सगळ्यांसमोर सांग."

"नानींनी विचारलं, मामीकडून करून घेतलंस का," उझ्मा हुंदके देत म्हणाली. "हो म्हटलं असतं तर त्या लग्नाला आल्या नसत्या. मी नाही म्हटलं. मग त्यांनीही केलं. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलला नसतात."

मुबारकबींनी उझ्माचा दुसरा हात ओढून बघितला.

"मग गोळ्याला केस कसे आले? हिनं नीट काडले असते तर मला काय मिळनार हुतं?"

"हाताला गुळगुळीत लागत असताना ओढत राहिलात, अम्मी. नजर कमी झालीय म्हणावं, तर माझं गिऱ्हाईक लांबून बरोबर दिसतं तुम्हाला."

"जीभ बघ हिची."

"दोघी गप बसा," नणंद म्हणाली. आता तिचा राग दोघींवर सारखा होता. "कोल्हारला माझ्या लेकीच्या अंगाला दोघींनी हात लावायचा न्हाई. जेवायला या आणि जा."

तिनं उझ्माच्या हातांना गार पाण्याचं फडकं गुंडाळलं आणि तिला घेऊन गेली. अझीम पायात चपला सरकवता सरकवता म्हणाला, "खत दुसरीकडं ठेवतो मी." आईकडं त्यानं पाहिलं नाही, बायकोकडंही नाही.

खोली राहिली. सुमैरानं खुर्ची पुसली आणि दार सताड उघडं टाकलं. लग्नात दोघी दोन वेगळ्या पंगतींत जेवल्या.

हल्ली सुमैराकडं नवीन बाई आली की हीटर लावायच्या आधी ती विचारते, "आत जाऊन आलात का?" आणि आत मुबारकबी पाक ढवळताना, पातेल्यातली नजरही न काढता, तेच विचारतात, "पुढं बसून आलीस का गं?" बाया दोन्हीकडं नाही म्हणतात. आता दोघीही त्यांचा हात आधी उजेडात धरून बघतात.